काठीतले वजन

ट्रेकिंग पोलचे काम एकच आहे: पायांवर येणाऱ्या भारातला काही वाटा हातांकडे वळवणे. चढणीवर तो शरीर वर रेटायला मदत करतो, उतरणीवर गुडघ्याला बसणारा दणका कमी करतो आणि ओढा ओलांडताना टेकायला आणखी एक जागा देतो. ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या संशोधकांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 25 अंशांच्या उतारावर दोन पोल वापरून चालणाऱ्यांच्या गुडघ्याच्या सांध्यावरचे बल 12 ते 25 टक्क्यांनी कमी भरले. या फायद्याची किंमत हातांना मोजावी लागते. दंड आणि खांदे राबतात, दम थोडा जास्त लागतो. सपाट डांबरी रस्त्यावर पोल टेकवत जाण्यात म्हणूनच फारसा अर्थ नसतो. पोलची निवड आणि त्यात करायचे फेरफार हे दोन्ही उतरणीपासून सुरू करावे लागतात.

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये आणि फाउंड्रीत दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांचे गुडघे आठवडाभर आधीच शिणलेले असतात. सुट्टीच्या दिवशी डोंगर गाठणारी मंडळी या वसाहतीत बरीच आहेत. सरावाला मिरजेच्या पूर्वेचा दंडोबाचा डोंगर, मोठ्या चालीला सातारा जिल्ह्यातला वासोटा, आणि आषाढात पन्हाळा ते पावनखिंड ही त्यांची नेहमीची ठिकाणे. या लोकांकडे एक मोठी जमेची बाजू असते. नळी, फिट, घर्षण, बर आणि चॅम्फर या गोष्टी त्यांच्या रोजच्या कामातल्या आहेत. बाजारातून आणलेला पोल आहे तसा वापरण्यापेक्षा तो खोलून पाहण्याकडे त्यांचा हात आपोआप वळतो. या सवयीने वर्षानुवर्षांत बरेच काही शिकवले. काही ठिकाणी दिशाभूलही केली.

सुरुवात बहुतेकांची बांबूच्या काठीने झाली. पायथ्याच्या गावात मिळणारी, खाली लोखंडी शेंबी ठोकलेली काठी. इंचभर जाडीच्या आणि दीड मीटर लांबीच्या भरीव बांबूचे वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पोलच्या एका जोडीइतके. तरी तिचे गुण खरे आहेत. तिला लांबी पक्की करणारे लॉक नाही, त्यामुळे ती अचानक आखडत नाही. हात कुठेही धरता येतो, म्हणून चढ-उतारासाठी लांबी बदलावी लागत नाही. ओढ्याच्या पाण्यात तिच्यावर सगळे अंग टाकता येते. तिची अडचण एसटीत चढताना आणि कातळटप्प्यावर दोन्ही हात मोकळे हवे असताना कळते. शिवाय कोयना आणि चांदोलीच्या संरक्षित जंगलात काठी तोडणे हा गुन्हा आहे. काठी घरूनच न्यावी लागते, आणि घरूनच न्यायची तर ती घडी होणारी असलेली बरी, इथून पोलचा विचार सुरू होतो.

लांबी कमी-जास्त होणारे पोल जर्मनीच्या लेकी कंपनीने 1970 च्या दशकात गिर्यारोहकांसाठी आणले. त्यानंतर नळीचे दोन प्रकार रूढ झाले. ॲल्युमिनियम, त्यातही 7075 हा जस्तमिश्रित धातू, आणि कार्बन फायबर. ॲल्युमिनियमच्या जोडीचे वजन साधारण 450 ते 600 ग्रॅम, कार्बनच्या चांगल्या जोडीचे 300 ते 450 ग्रॅम. खडकाच्या फटीत अडकून आडवा ताण आला तर ॲल्युमिनियम वाकते आणि कार्बन तुटतो. वाकलेली नळी गुडघ्यावर दाबून थोडीफार सरळ होते आणि त्या दिवसाची चाल पुरी करते. तुटलेला कार्बन मात्र तिथेच संपतो. दंडोबाच्या मुरमाड वाटेवर हा फरक कधीच जाणवत नाही. वासोट्याच्या जंगलातल्या मुळांच्या जाळ्यात, जिथे पुढचे टोक अडकलेले असतानाच मागचा माणूस धक्का देतो, तिथे तो एका क्षणात जाणवतो. गटाने चालणाऱ्याने आणि ज्याला दुसरी जोडी परवडणार नाही त्याने 7075 च्या ॲल्युमिनियमची जोडी घ्यावी. कार्बन एकट्याने, सावकाश, नजर वाटेवर ठेवून चालणाऱ्यासाठी आहे.

धातूचे नाव पाहण्याइतकेच नळीचा व्यास पाहणे महत्त्वाचे आहे, आणि त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. भिंतीची जाडी तीच ठेवली तर पातळ नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 16 मिलिमीटरऐवजी 18 मिलिमीटरची नळी घेतली तर वजन आठव्या हिश्श्याने वाढते आणि ताठपणा जवळजवळ 40 टक्क्यांनी. तीन भागांच्या पोलमध्ये सगळ्यात खालचा भाग सर्वांत बारीक असतो आणि सर्वांत जास्त मार तोच खातो. दुकानात पोल पूर्ण लांब करून, टोक जमिनीवर टेकवून मधोमध हाताने दाबून पाहिले तर धनुष्यासारखा वाकणारा पोल लगेच ओळखता येतो. तो कितीही हलका असला तरी उतारावर अंगाचा भार घेणार नाही.

हलक्या सामानाने चालण्याचा विचार अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या भटक्यांकडून आला. अन्न, पाणी आणि इंधन सोडून उरलेले सामान साडेचार किलोच्या आत बसवणे ही त्यांची अतिहलक्या चालीची रूढ मर्यादा. या हिशेबात पोलची नोंद एका आकड्याने होते आणि गफलत तिथेच सुरू होते. सॅकमधली वस्तू पाठीवर स्थिर असते. पोल मात्र प्रत्येक पावलागणिक झुलतो. पाऊल 70 सेंटिमीटरचे धरले तर एका किलोमीटरला सुमारे 1,400 पावले पडतात आणि प्रत्येक पोल त्यातल्या निम्म्या पावलांना पुढे येतो. 20 किलोमीटरच्या दिवसात एकेक मनगट पोल 14,000 वेळा झुलवते.

झुलणाऱ्या दांड्यात वजन किती यापेक्षा ते हातापासून किती दूर आहे हे मोठे. फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मुठीपासून 10 सेंटिमीटरवरचे 10 ग्रॅम आणि 110 सेंटिमीटरवरचे 10 ग्रॅम यांचा काट्यावरचा आकडा एकच. झुलवताना दुसऱ्याचा जाच 121 पट. लेथच्या चकवर बाजूला सरकलेला जॉब किती थरथराट करतो हे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तरीही हलका पोल शोधताना सगळे जण एकूण वजनच विचारतात. 480 ग्रॅमची एक जोडी 430 ग्रॅमच्या दुसऱ्या जोडीपेक्षा दिवसअखेर कमी थकवते, असा अनुभव पुन्हा पुन्हा आला. कारण पहिलीचे वजन मुठीकडे आणि दुसरीचे टोकाकडे होते. दुकानात ओळखायची युक्ती सोपी आहे. पोल हव्या त्या लांबीवर लावून एका बोटावर आडवा तोलायचा. तोलाची जागा मुठीच्या जितकी जवळ, तितका पोल हातात हलका.

म्हणूनच फेरफार खालून सुरू करावेत. सर्वांत आधी बर्फासाठीच्या रुंद चकत्या काढून टाकायच्या. सह्याद्रीत त्यांचा काहीही उपयोग नाही. चिखलासाठीची छोटी चकती मात्र पावसाळ्यात ठेवावी. पन्हाळा-पावनखिंड वाटेवर मसाई पठारापलीकडे करपेवाडी-आंबेवाडीच्या बाजूला भातखाचरांच्या बांधावरून जाताना तिच्याशिवाय पोल वीतभर रुततो आणि उपसताना लॉक निसटते. टोकाचे रबरी बूच डांबरावर आणि घरात लागते. डोंगरात ते चढवून चालणे म्हणजे टोकाला वजन बांधून घेणे आहे. ओल्या कातळावर ते नवे असताना पकडते, पण झिजून गुळगुळीत झाले की घसरते. त्याला अपवाद कास पठारासारख्या जागांचा. सड्यावरच्या मातीच्या पातळ थरात उगवणाऱ्या फुलझाडांवर अणकुचीदार टोक टोचत जाणे चूकच आहे. तिथे बूच चढवावे, नाहीतर पोल सॅकला लावून मोकळ्या हाताने चालावे.

टोकाबाबत यंत्रशाळेतली सवय दगा देते. पोलचे मूळ टोक म्हणजे लवचीक प्लॅस्टिकच्या निमुळत्या खोळीत बसवलेला टंगस्टन कार्बाइडचा छोटा तुकडा. प्लॅस्टिक पाहून टर्नरला ते कमजोर वाटते. वसाहतीतल्या एका निष्णात टर्नरने सुंदर नर्लिंग केलेली, कडक केलेल्या पोलादाची टोके बनवली होती. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापात. ती दिसायला मूळ टोकांपेक्षा कितीतरी देखणी होती आणि कधी झिजली नसती. पण प्रत्येक टोकामागे वजन वाढले आणि तेही नको त्या जागी. त्याहून मोठी गोष्ट पुढे उतारावर कळली. टोक दगडांच्या फटीत अडकले, पोलाद हलले नाही आणि त्यावरची नळी काटकोनात वाकली. मूळ रचनेत प्लॅस्टिकची खोळ लवते किंवा तुटते आणि नळी वाचते. वीजजोडणीत फ्यूज आधी जातो तसा हा मुद्दाम ठेवलेला कमजोर भाग आहे. खोळीचा सुटा भाग स्वस्त असतो, नळी महाग. तेव्हापासून त्याच्या गटात टोके बनवणे बंद झाले आणि विकतची बदली टोके लावायची पद्धत पडली. जुने टोक काढण्यासाठी ते नुकत्याच उकळलेल्या पाण्यात काही मिनिटे धरून, फडक्याने पिळत ओढतात. नवे टोक निमुळत्या फिटवर नुसते ठोकून बसते, त्याला गोंद लावू नये. कार्बनच्या नळीला ज्योत तर कधीच दाखवू नये. आतला राळेचा बंध मऊ पडतो.

लांबीचा प्रश्न आपल्याकडे थोडा वेगळा आहे. सपाटीवर पोल टेकवल्यावर कोपर काटकोनात यावे हा नियम. उंचीला 0.68 ने गुणले तरी तोच आकडा मिळतो. 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 112 आणि 155 सेंटिमीटरच्या बाईला 105 सेंटिमीटर लांबी पुरते. लांब चढणीला पाचेक सेंटिमीटर कमी, लांब उतरणीला पाच ते दहा जास्त. बाजारातले बरेच पोल 130-135 सेंटिमीटरपर्यंत उघडतात, म्हणजे इथल्या बहुतेक लोकांच्या पोलमध्ये वीतभर नळी आयुष्यभर आतच राहते. ती कापावी का? 14 मिलिमीटर व्यासाच्या, एक मिलिमीटर भिंतीच्या ॲल्युमिनियम नळीचे 15 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 17 ग्रॅम. वजनासाठी एवढा खटाटोप करण्यात हशील नाही. कापण्याचे खरे कारण घडीची लांबी. तीन भागांचा पोल घडी करूनही 60 ते 65 सेंटिमीटर उरतो आणि सॅकच्या वर डोकावतो. जंगलातल्या वाटेवर तो फांद्यांत अडकतो, बसमध्ये मागच्याच्या तोंडाशी येतो. भाग कापून घडी 52-55 सेंटिमीटरवर आली की तो सॅकच्या बाजूच्या कप्प्यात नीट बसतो.

कापताना नळीचे वरचे, म्हणजे दुसऱ्या नळीत जाणारे टोक कापायचे. त्याआधी त्या टोकापासून छापलेल्या 'स्टॉप' खुणेपर्यंतचे अंतर मोजून ठेवायचे आणि कापल्यावर तेवढ्याच अंतरावर नवी खूण करायची. एक नळी दुसरीत किती शिरलेली हवी हे त्या खुणेवर ठरते. ती न पाळल्यास सांधा तोंडाशीच फाटतो. याबाबतीत तडजोड नको. ॲल्युमिनियमला साधे हॅक्सॉ ब्लेड चालते, पण कापलेल्या कडेवर उठलेला बर आतून-बाहेरून गोल कानशीने काढून बारीक चॅम्फर मारला नाही तर नळी आत ओरखडे पाडत जाते. कार्बनला कापायच्या जागी कागदी टेप घट्ट गुंडाळावी, इंचाला 32 दात असलेले ब्लेड घ्यावे, नळी फिरवत फिरवत सगळीकडून थोडे थोडे कापावे. व्हाइसमध्ये थेट आवळू नये, लाकडाच्या खाचेत धरावे. पाइप कटर कार्बनवर चालवला की तंतू चिरडतात. धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला वाईट, म्हणून मास्क लावून, पाण्याचा शिडकावा करत काम करायचे आणि कापलेल्या कडेवर अराल्डाइटचा पातळ हात द्यायचा.

सगळ्यात जास्त शिकवले ते लॉकने. पिळून घट्ट करायच्या लॉकमध्ये नळीच्या आत प्लॅस्टिकची फुगणारी गुल्ली असते. तिची सगळी पकड घर्षणावर. कुपवाड पर्जन्यछायेच्या कोरड्या पट्ट्यात आहे. तिथे आणि दंडोबावर चाचणी घेतलेले असे लॉक पक्के वाटले. तीच जोडी आषाढात मसाई पठारावर गेली. धुके, पाऊस, जांभ्याची तांबडी चिकटमाती. दुसऱ्या दिवशी उतारावर एका अनुभवी माणसाने अंगाचा भार टाकला आणि पोल दुर्बिणीसारखा आत गेला. नळीच्या आत ओलाव्याचा आणि मातीचा पातळ थर बसला होता. लॉक तुटले नव्हते, नुसते घर्षण उरले नव्हते. चाचणी ज्या हवेत घेतली ती हवा वाटेवर नव्हती. त्यानंतर त्या गटात नवा पोल आधी बादलीतल्या पाण्यात बुडवून मग तपासतात: वजनकाट्यावर टेकवून काटा 25 किलो दाखवेपर्यंत दाबायचा आणि नळीवर पेन्सिलने केलेली खूण सरकते का पाहायचे. घरगुती चाचणी असली तरी ती दुकानातल्या कोणत्याही वर्णनापेक्षा खरी आहे.

बाहेरून दाबणारे, खटक्याचे लॉक पावसाला जास्त टिकते, कारण ते नळीलाच कवटाळते आणि त्याचा स्क्रू उघड्यावर असतो. काही ग्रॅम जड असले तरी सह्याद्रीसाठी तेच घ्यावे. खटका अंगठ्याने नेटाने बंद होईल इतपतच स्क्रू आवळायचा. पाना धरायची सवय असलेले हात इथे जास्त आवळतात, आणि कार्बनची नळी लॉकखाली चिरडते. तडा बाहेरून दिसत नाही. घडीचे, आतून दोरीने जोडलेले पोल 40 सेंटिमीटरच्या आत मावतात आणि प्रवासाला उत्तम, पण आतली दोरी किंवा बटण गेले तर रानात दुरुस्ती अवघड. खटक्याचे लॉक निकामी झाले तर मात्र ठिबक सिंचनाच्या दुकानात मिळणारी एक जुबली क्लिप आणि खिशातला छोटा पेचकस पुरतो. सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात ती कुठेही मिळते. दोन क्लिपा सॅकमध्ये असाव्यात.

धक्काशोषक स्प्रिंग असलेले पोल टाळावेत. स्प्रिंग वजन वाढवते आणि चढताना दिलेला रेटा अर्धवट खाते. मुठीला रबर असेल तर उन्हाळ्यात घामाने तळहाताला फोड येतात. कॉर्कची किंवा फोमची मूठ चांगली. रबरी मूठ बदलणे जमत नसेल तर तिच्यावर बॅडमिंटन रॅकेटची सुती पट्टी गुंडाळली तरी फरक पडतो. मुठीखाली वीतभर फोमची नळी किंवा सायकलच्या हँडलची टेप लावणे हा सर्वांत उपयोगी फेरफार आहे. आडव्या वाटेवर डोंगराकडचा पोल आखूड लागतो. लॉक न उघडता हात खाली सरकवून काम होते. वजन वाढते ते हाताजवळ, म्हणून ते झुलवताना कळत नाही.

पट्ट्यांबद्दल हलक्या चालीचे पुरस्कर्ते कात्री लावायला सांगतात. इथल्या अनुभवाने ते सरसकट मान्य करता येत नाही. हात पट्टीत खालून वर घालून पट्टीसकट मूठ धरली, तर भार पट्टी घेते आणि बोटे सैल राहतात. गुडघा दुखणाऱ्याला उतरणीवर मिळणारा आराम मुख्यतः त्या पट्टीतून येतो. फाउंड्रीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या पोलच्या पट्ट्या वजनासाठी कापल्या गेल्या. पुढच्या उतरणीवर त्यांची बोटे आखडली, आणि पट्ट्या पुन्हा शिवून घ्याव्या लागल्या. बॅग शिवणाऱ्या कारागिराकडून जाड गादीची पट्टी काढून पातळ नवारीची पट्टी लावून घेणे हा मधला मार्ग. घसाऱ्यावर, कातळटप्प्यावर आणि ओढ्यात मात्र हात पट्टीतून बाहेर हवा. अडकलेला पोल सोडून देता आला पाहिजे. दोन्ही हातांची पकड लागणाऱ्या जागी पोल बंद करून सॅकला, टोक झाकून लावायचे. हातात लोंबकळणारा पोल घेऊन कातळ चढणे धोक्याचे आहे.

पोलमुळे वजन खरोखर वाचते ते तंबूत. ताडपत्री किंवा पोलवर उभा राहणारा तंबू वापरला तर तंबूच्या स्वतःच्या दांड्या घरी राहतात, आणि दोन माणसांच्या साध्या तंबूत त्या चारशे ग्रॅम किंवा जास्त भरतात. पोल कापून वाचवलेल्या ग्रॅमांची याच्याशी तुलनाच होत नाही. त्यामुळे पोल कायमचा आखूड करण्याआधी आपल्या ताडपत्रीला किती उंची लागते ते मोजावे. ती बहुधा 115 ते 125 सेंटिमीटर असते. त्यापेक्षा कमी लांबीवर कापलेला पोल रात्री उपयोगाचा राहत नाही. मूठ खाली आणि टोक वर असे लावायचे असेल तर टोकावर रबरी बूच चढवायचे, नाहीतर कापड फाटते. यासाठी बूच सॅकमध्ये असावे.

पावसाळी चालीनंतर पोलचे सगळे भाग वेगळे करून साध्या पाण्याने धुवावेत, आतून चिंधीने पुसावेत आणि सावलीत दोन दिवस उघडे ठेवावेत. बंद करून ठेवलेल्या ओल्या ॲल्युमिनियमच्या नळीत पांढरी भुकटी धरते आणि भाग एकमेकांत बसून जातात. तेल किंवा ग्रीस लावू नये. गंज सोडवणारा फवाराही नाही. लॉकला घर्षणच हवे असते. पोलादी स्क्रू काढून कोरडे करावेत, गंजलेले बदलावेत. कार्बनच्या नळीवरून कापसाचा बोळा फिरवला की उठलेला तंतू बोळ्याला धरतो. तिथे ओरखडा खोल असला तर तो भाग उतारासाठी बाद. ॲल्युमिनियमवर नखाला लागेल अशी आडवी खोक असेल तर तीही बाद. नुसती लांबट खरवड चालते. बाद झालेल्या पोलमधला धड भाग, लॉक आणि टोके जपून ठेवावीत. व्यास जुळला तर पुढच्या पोलच्या दुरुस्तीला तेच सुटे भाग कामी येतात.